दृढीकरणाचे वय : कॅथलिक धर्मशिक्षणाच्या इतिहासातील एक प्रश्न

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग अर्जुनी मोरगाव तालुका ओलांडून वडसा येथे गडचिरोली जिल्ह्यात शिरतो. मुलखी कारभाराच्या दृष्टीने ही एका महाराष्ट्र राज्यातील दोन जिल्ह्यांमधील सीमा होय. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या दृष्टीने मात्र येथे दोन भिन्न उपासनापरंपरा एकमेकींस भिडतात. गोंदिया जिल्हा नागपूरच्या आर्चबिशपांच्या लॅटिन धर्मप्रांतात मोडतो. गडचिरोली जिल्हा चांदा ह्या सिरो-मलबार धर्मप्रांतात आहे. दोहोंचे परमगुरू एकच, सात संस्कार तेच, श्रद्धेची कलमेही तीच. तरी अर्जुनी मोरगावच्या बाजूस जन्मलेल्या कॅथलिक मुलाला दृढीकरण हा संस्कार मिळतो तो बहुधा शाळेच्या वरच्या वर्गात गेल्यावर, कित्येक महिन्यांच्या पाठांतर-प्रश्नोत्तरांनंतर आणि शक्य तो बिशपांच्या हस्ते. वडश्याच्या बाजूस सिरो-मलबार कुटुंबातील मुलाच्या कपाळी तेच तेल बाप्तिस्म्याच्याच दिवशी, सामान्य धर्मगुरूच्या हातून लागते. त्या वेळी त्याला मानही धरता येत नसते.

एकीकडे पौगंडावस्थेतील मुलामुलींची दीर्घ पूर्वतयारी आणि दुसरीकडे तयारीचे नावही नाही, अशी ही स्थिती आहे. ह्या भेदाचे मूळ धर्मसिद्धान्तात शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. ते बिशपांच्या संख्येत, त्यांच्या प्रवासाच्या सोयीगैरसोयीत आणि त्यांच्यावर हक्क सांगणाऱ्या सत्तांच्या भांडणांत सापडते. कुमारवयातील दृढीकरणाचे समर्थन आज ज्या कारणांनी केले जाते, ती कारणे बहुतांशी वय ठरून गेल्यानंतर सुचलेली आहेत. महाराष्ट्र व गोमंतक ह्यांचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कारण बिशप दूर असला की काय होते, ह्याची उदाहरणे ह्या भूमीत जितकी आढळतात तितकी युरोपातही क्वचितच आढळतील.

आरंभी थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. प्राचीन ख्रिस्तसभेत जलस्नान, तैलाभ्यंग व हस्तस्पर्श आणि प्रभुभोजन ही एकाच दीक्षाविधीची अंगे होती आणि तो विधी बिशपासमोर, बहुधा पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री होत असे. चौथ्या शतकानंतर नगराबाहेर खेडोपाडी ख्रिस्ती वस्ती वाढली व सर्व ठिकाणी बिशपाला उपस्थित राहणे अशक्य झाले. ह्या अडचणीतून दोन मार्ग निघाले. पूर्वेकडील बहुतेक ख्रिस्तसभांनी विधी अखंड ठेवला आणि अभ्यंगाचा अधिकार गावच्या धर्मगुरूला दिला. बिशपाचा संबंध राहिला तो त्याने अभिमंत्रून पाठविलेल्या तेलापुरता. रोमने उलट केले. पोप पहिला इनोसंट ह्याने इ. स. ४१६ मध्ये गुब्बियोच्या बिशपाला लिहिलेल्या पत्रात कपाळावरील अभ्यंग बिशपानेच करावा असे स्पष्ट बजावले आणि त्यासाठी पेत्र व योहान ह्यांनी शोमरोनास जाऊन हस्तस्पर्श केल्याच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या ग्रंथातील प्रसंगाचा आधार घेतला. पूर्वेने तेल पाठविले. पश्चिमेने बिशपाची वाट पाहिली. वाट पाहण्यात जो काळ गेला त्या काळात मूल वाढले, आणि पुढे ह्या वाढलेल्या मुलाला शिकविणे क्रमप्राप्त झाले.

मध्ययुगात ह्या विलंबाला अर्थही लाभला. बाप्तिस्म्याने मनुष्य जन्मतो, दृढीकरणाने तो लढण्यास समर्थ होतो, ही कल्पना पाचव्या शतकातील गॉलमधील एका प्रवचनातून निघून पुढे पोपच्या नावावर खपविलेल्या बनावट पत्रांच्या द्वारे सर्वमान्य झाली. तेराव्या शतकात बिशपाने गालावर हलकी चापट मारण्याचा प्रकार विधीत रूढ झाला. पुढील काळात सर्वत्र शिकविली गेलेली ‘ख्रिस्ताचा सैनिक’ ही प्रतिमा ह्याच परंपरेची होय. त्रेंतच्या परिषदेने ३ मार्च १५४७ रोजी दृढीकरण हा खरा संस्कार असून त्याचा सर्वसामान्य अधिकारी बिशपच होय, असे ठरविले. १५६६ च्या रोमन धर्मप्रश्नोत्तरीने वयाविषयी मार्गदर्शन केले ते असे : बारा वर्षांपर्यंत थांबणे योग्य न वाटल्यास निदान सातव्या वर्षापर्यंत तरी थांबावे. सात ते बारा ह्या दोन आकड्यांमधील अंतर पुढे चार शतके वादाला पुरले.

नेमक्या ह्याच सुमारास भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर लॅटिन ख्रिस्तसभेची उभारणी चालू होती. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ मध्ये स्थापन झाला व त्याचे पहिले निवासी बिशप जुआंव द अल्बुकेर्क १५३८ मध्ये गोव्यास पोचले. ह्या एका बिशपाच्या अधिकाराखाली आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून थेट चीनपर्यंतचा मुलूख होता. वसई, चौल, मलाक्का, मोलुक्का येथील नवख्रिस्ती बिशपाचे दर्शन न घेताच जन्मत व मरत. दृढीकरणाचा अधिकार दूरच्या ठाण्यांतील प्रतिनिधींना मिळावा अशी विनंती फ्रान्सिस झेवियरने १५४० च्या दशकातील आपल्या पत्रव्यवहारात केली ती ह्या परिस्थितीमुळेच. बिशपाच्या गैरहजेरीमुळे संस्कार अडतो, ही तक्रार भारतातील लॅटिन मिशनइतकीच जुनी आहे, असे त्यावरून म्हणता येते. अल्बुकेर्क १५५३ मध्ये वारले आणि पहिले आर्चबिशप गास्पार द लियांव १५६० मध्ये येईपर्यंत आसन रिकामे राहिले.

तयारीची दुसरी बाजू म्हणजे भाषा. धर्मशिक्षण द्यावयाचे तर ते समजेल अशा भाषेत द्यावे लागते, आणि ह्या बाबतीत गोमंतकाने मराठीला जे दिले त्याची मराठी वाङ्मयेतिहासाने नोंद घेतली असली तरी धर्मशिक्षणाच्या इतिहासाने पुरेशी घेतलेली नाही. १५७९ मध्ये गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स ह्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या आरंभीच जो प्रसंग योजलेला आहे तो धर्मशिक्षणाच्या वर्गातील होय. प्रश्नोत्तरी शिकून झाली, आता जुन्या पुराणांच्या जागी वाचावयास काय, असा सवाल एक नवख्रिस्ती पाद्रीला करतो आणि त्या सवालातून सुमारे अकरा हजार ओव्यांचे काव्य उभे राहते. पाठांतराने संस्काराची पात्रता येते, मन भरत नाही, हे सतराव्या शतकाच्या आरंभी सासष्टीतील कोणा श्रोत्याने ओळखले होते, आणि स्टीफन्सने ते ऐकून घेतले. त्याची ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही कोकणी प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. ती मार्कुस जोर्ज ह्याच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवरून रचलेली असून गुरू व शिष्य ह्यांच्या संवादाच्या रूपात आहे. एका हातात ओवी व दुसऱ्या हातात प्रश्नोत्तरी, अशी ही जोडी होती. पुढे टिकली ती प्रश्नोत्तरी. १६८४ च्या जूनमध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्याने देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज अंगीकारण्याचा हुकूम काढला. त्यानंतर अशा देशी ग्रंथांना राजाश्रय उरला नाही.

संस्कारांची नावे गोव्यात पोर्तुगीजच राहिली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पोर्तुगीज भाषेत दृढीकरणाला ‘क्रिझ्मा’ म्हणतात. हा शब्द तेलाचा आहे. काय केले जाते, ते तो सांगतो. मराठी कॅथलिकांत रूढ झालेला ‘दृढीकरण’ हा शब्द लॅटिन संज्ञेचे संस्कृत रूपांतर असून तो परिणाम सांगतो. शब्दाचा हा फरक क्षुल्लक नव्हे. ‘क्रिझ्मा’ घ्यावयाला कपाळ पुरते; ‘दृढ’ व्हावयाचे तर आधी काहीतरी समजलेले असावे लागते, असे ऐकणाऱ्याला सहजच वाटते. धर्मशिक्षकाचे निम्मे काम शब्दानेच करून ठेवलेले असते.

गोव्याच्या आर्चबिशपांच्याच हातून ह्या विषयातील सर्वांत बोलका प्रसंग घडला, आणि तो मलबारात. आलेशु द मेनेझिस १५९९ च्या आरंभी तेथील संत तोमासच्या ख्रिस्ती लोकांत गेले. ह्या लोकांची उपासना पूर्व-सिरियाई परंपरेची असून दृढीकरण नावाचा स्वतंत्र संस्कार त्यांना ठाऊक नव्हता. मेनेझिस गावोगाव दृढीकरण देऊ लागले तेव्हा प्रखर विरोध झाला. पोर्तुगीज लेखक आंतोनिओ द गौव्हेआ ह्याचा वृत्तांत १६०६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आर्चबिशपांचा कैवारी असूनही त्याने विरोधकांचे आक्षेप नोंदविले आहेत : कपाळावरील खूण ही पोर्तुगीजांचे दास झाल्याची खूण होय, आणि गालावरची चापट हा पुरुषाचा अपमान होय. परिषदेच्या ठरावांत दबून गेलेला आवाज शत्रुपक्षाच्या बखरीत कधीकधी असा शिल्लक राहतो. जून १५९९ मध्ये उदयंपेरूरच्या सभेने लॅटिन पद्धती लादली आणि दृढीकरण बाप्तिस्म्यापासून वेगळे करून बिशपाकडे सोपविले. चांदा धर्मप्रांतात आज जी प्रथा दिसते ती ह्या निर्णयाच्या उलट दिशेने, जवळजवळ चार शतकांनी घडलेल्या प्रवासाचे फळ होय. पौर्वात्य ख्रिस्तसभांच्या १९९० च्या धर्मसंहितेने अभ्यंग बाप्तिस्म्यासोबतच दिला जावा व तो धर्मगुरूने द्यावा असा नियम केला. सिरो-मलबार ख्रिस्तसभेने गोव्याहून आलेली ती वहिवाट मागे टाकली.

उत्तर कोकणाची कथा वेगळी आहे. तेथे कोणी दृढीकरण नाकारले नाही. देणाराच दुर्मीळ झाला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज पाद्री निघून गेले, पण ख्रिस्ती रयत राहिली आणि तिची उपासना गोमंतकीय देशी धर्मगुरूंनी चालू ठेवली. बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी हे सर्व होऊ शकत होते. दृढीकरण व धर्मगुरूंची दीक्षा ही दोन कृत्ये मात्र बिशपावाचून अडत. आणि पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या आर्चबिशपाने पेशव्यांच्या मुलखात फेरी करणे ही नुसती धर्माची बाब राहिली नव्हती. मुंबई बेटात इंग्रजांनी १७२० मध्येच फ्रान्सिस्कनांना घालवून कार्मेलाइट व्हिकर अपोस्तोलिकाला पाचारण केले होते. गोव्याचे पाद्रोआदो व रोमची प्रोपागांदा असा हा दुहेरी अधिकार १७९४ मध्ये मुंबईची चार धर्मग्रामे दोन-दोन अशी वाटून घेऊन कसाबसा स्थिरावला.

ह्यातील एक कालखंड विशेष विचार करण्याजोगा आहे. गोव्याचे आर्चबिशप गाल्दीनु १८३१ मध्ये वारले. त्यानंतर पोर्तुगाल व रोम ह्यांचा संबंध तुटला. १८३७ मध्ये आलेले नियोजित आर्चबिशप कार्व्हाल्यु ह्यांना पोपची मान्यता मिळालीच नाही व ते १८३९ मध्ये निवर्तले. मान्यताप्राप्त आर्चबिशप सिल्व्हा तोरिस गोव्यास पोचले ते १८४४ मध्ये. गाल्दीनुंच्या मृत्युवर्षी जन्मलेले मूल ह्या वेळी तेरा वर्षांचे झाले होते. सातव्या वर्षी दृढीकरण द्यावे की बाराव्या, ह्या रोमन प्रश्नोत्तरीतील विकल्पाला अशा परिस्थितीत काही अर्थ उरत नाही. आसनावर बिशप येईल ते वय योग्य. सिल्व्हा तोरिस ह्यांनी आल्याबरोबर मोठ्या संख्येने धर्मगुरूंना दीक्षा दिली आणि त्यामुळे नवा कलह उद्भवला, तो इतिहासात प्रसिद्धच आहे. साचलेल्या दीक्षांची चर्चा पुष्कळ झाली. साचलेल्या दृढीकरणांची कोणी केली नाही. मुलांचे प्रश्न इतिहासाच्या कागदपत्रांत नेहमीच मागल्या बाकावर बसतात.

बिशपाची ही कृत्ये अधिकाराची निशाणी बनली होती, हे १८५३ साली दिसून आले. मकावचे बिशप जेरोनिमु द माता हे प्रोपागांदाच्या अधिकारातील मुलखातून जात असता त्यांनी तेथे बिशपाने करावयाची धर्मकृत्ये पाद्रोआदो-पक्षाच्या लोकांसाठी केली. मुंबईत व्हिकर अपोस्तोलिक हार्टमान ह्यांचा त्या पक्षाशी झगडा शिगेला पोचला होता. त्याच वर्षी माहीमच्या चर्चमध्ये ते स्वतः दिवसेंदिवस कोंडून राहिले होते. पोप नववा पायस ह्याने ९ मे १८५३ च्या पत्रात द माता ह्यांच्या वर्तनाचा निषेध केला. कपाळाला लागणारे तेल कोणाच्या बोटाचे, ह्यावरून मनुष्य कोणत्या पक्षाचा हे ठरू लागले, की धर्मशिक्षणाचे काय होत असेल ह्याची कल्पना करता येते. १८८६ च्या करारानंतर दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला, तो १९२८ मध्ये मुंबईत विलीन झाला आणि दुहेरी अधिकाराचे हे पर्व तेथे संपत आले. वसईला स्वतःचा बिशप मिळाला तो त्यानंतर सत्तर वर्षांनी, १९९८ मध्ये.

गोंदियाचा प्रदेश ह्या सर्व कलहापासून दूर होता. वैनगंगेच्या खोऱ्यात पाद्रोआदोची सावलीही पडली नव्हती. येथे अडचण होती ती शुद्ध भूगोलाची. सॅव्हॉय प्रांतातील आनसी येथून निघालेले संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या संघाचे मिशनरी १८४६ मध्ये विशाखापट्टणम येथे उतरले. नागपूरपर्यंतचा अफाट मुलूख त्यांच्याकडे आला. त्यांचा बिशप समुद्रकाठी, आणि नागपूर तेथून सरळ रेषेतही पावणेसहाशे किलोमीटरांवर. कामठीच्या छावणीत आयरिश गोरे शिपाई होते व मद्रासी पलटणींबरोबर आलेली तमिळभाषक कॅथलिक कुटुंबे होती. विदर्भातील आरंभीचा कॅथलिक समाज तो हा. त्याला शिकविणाऱ्यांची मातृभाषा फ्रेंच, प्रार्थनेची लॅटिन, छावणीची इंग्रजी, घरची तमिळ. आणि भोवतालची मराठी वा हिंदी ही ह्या क्रमात शेवटची. कोकणात जी भाषा दोन-अडीच शतके ख्रिस्ती ओव्या गात आली तिला विदर्भातील वेदीपाशी पोचण्यास फार अवधी लागला, ह्याचे कारण येथे आहे.

नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत २९ जुलै १८८७ रोजी झाला व आलेक्सी रिकाझ हे पहिले बिशप झाले. मध्यप्रांताचा मोठा भाग, वऱ्हाड आणि निजामाच्या राज्याचा काही भाग इतका त्याचा विस्तार होता. योगायोग असा, की त्याच वर्षी बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. नागपूर-राजनांदगाव हा जुना मीटरगेज मार्ग तिने घेऊन रुंद केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा सातपुड्यातील नॅरोगेज मार्ग तयार झाला आणि भंडारा जिल्ह्यातील हे गाव जंक्शन बनले. जंक्शन म्हणजे ड्रायव्हर, गार्ड, फोरमन आणि त्यांच्या वसाहती. रेल्वेच्या त्या काळच्या नोकरवर्गात अँग्लो-इंडियन व गोमंतकीय कॅथलिकांचे प्रमाण लक्षणीय असे. रेल्वेने कॅथलिक कुटुंब गोंदियाला आणले आणि बिशपालाही तीच घेऊन येणार होती. येथे दृढीकरणाच्या वयाचे गणित पुन्हा बदलते. आगगाडी आली म्हणून बिशपाच्या भेटीची अनिश्चितता कमी होते. पण काही डझन माणसांच्या वसाहतीसाठी दरवर्षी येणे त्याला शक्य नसते. म्हणून काही वर्षांची मुले एकत्र जमवून त्यांचा एकच समारंभ करावयाचा, ही रीत पडते. अशा गटात मोठे व धाकटे एकत्र असत, आणि सर्वांना एकाच पातळीवर आणण्याचा सोपा उपाय म्हणजे तोंडपाठ प्रश्नोत्तरी. विखुरलेल्या लहान समाजांत पाठांतराला जे महत्त्व आले ते धर्मशिक्षकांच्या कल्पनादारिद्र्यामुळे आले, असे मानणे अन्यायाचे होईल.

दरम्यान रोममधून आलेल्या एका आज्ञेने सगळा क्रम उलटला. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावा पायस ह्याने पहिला ख्रिस्तप्रसाद सातव्या वर्षाच्या सुमारास देण्याची आज्ञा केली. तोपर्यंत अनेक देशांत ख्रिस्तप्रसाद बारा-चौदाव्या वर्षी देत आणि दृढीकरण, बिशप भेटल्यास, त्याच्या आधी उरकत. आता ख्रिस्तप्रसाद अलीकडे सरकला. दृढीकरण होते तेथेच राहिले. शाळेच्या शेवटच्या वर्षांत धर्मशिक्षणाला धरून ठेवणारा जो टप्पा पूर्वी ख्रिस्तप्रसादाचा होता तो रिकामा झाला व त्या जागी दृढीकरण येऊन बसले. १९१७ च्या धर्मसंहितेने दृढीकरणासाठीही सातवे वर्षच सुचविले होते, तरी व्यवहारात त्या सूचनेला अनेक ठिकाणी फारसे बळ आले नाही. प्रौढत्वाचा संस्कार, स्वतःच्या मुखाने दिलेली कबुली, आईबापांनी घेतलेल्या शपथांचा मुलाने केलेला स्वीकार ही आज ऐकू येणारी सर्व समर्थने ह्या रिकाम्या जागेभोवती वाढलेली आहेत. ती निरर्थक नाहीत. परंतु ती कारणे नसून परिणाम आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. अर्भकाला दृढीकरण देणारी पूर्वेकडील परंपरा अधुरी आहे असे कॅथलिक ख्रिस्तसभेने आज कोठेही म्हटलेले नाही. आणि प्रौढ संमती ही ह्या संस्काराची अट असती तर वडश्याच्या बाजूचे अभ्यंग निष्फळ ठरले असते.

तयारीत काय शिकवीत, ह्याचा आराखडा साधारण सर्वत्र सारखा होता : श्रद्धेची कलमे, दहा आज्ञा, सात संस्कार, पवित्र आत्म्याची सात दाने व बारा फळे, मग पापनिवेदन, धर्मपिता वा धर्ममातेची निवड आणि एखाद्या संताचे नाव. सात दानांच्या बाबतीत एक गमतीची अडचण आहे. ही यादी यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायातून घेतलेली आहे. पण हिब्रू मूळात दाने सहाच असून सातवे, भक्तीचे, ग्रीक व लॅटिन भाषांतरांतून आले. मराठी मुलुखात सर्वत्र प्रसृत झालेले बायबल प्रॉटेस्टंट विद्वानांनी हिब्रूवरून केलेले. प्रश्नोत्तरीत सात घोकून बायबल उघडणारा चिकित्सक विद्यार्थी सहापर्यंतच पोचतो. अशा वेळी ‘पुस्तकात एक कमी का?’ ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारा धर्मशिक्षक आणि तो प्रश्न दडपणारा धर्मशिक्षक, ह्या दोघांत खऱ्या तयारीचा निवाडा होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर बिशपाची मक्तेदारी सैल होऊ लागली. १९४७ च्या जानेवारीपासून मरणासन्न व्यक्तीला दृढीकरण देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या प्रमुखाला मिळाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बिशपांना ह्या संस्काराचे ‘मूळ’ अधिकारी म्हटले. त्रेंतच्या ‘सर्वसामान्य’ ह्या शब्दापासून हे विशेषण एक पाऊल दूर आहे आणि पूर्वेची प्रथा त्यात सामावते. १५ ऑगस्ट १९७१ च्या आदेशाने पोप सहावा पॉल ह्याने विधी सुधारला, अभ्यंगाच्या वेळचे शब्द बिझंटाइन परंपरेवरून घेतले आणि ती जुनी चापट विधीतून गेली. मलबारातील पुरुषांनी १५९९ मध्ये घेतलेल्या आक्षेपाला असे उशिरा, आणि अजाणता, उत्तर मिळाले. १९८३ च्या लॅटिन संहितेने वय ‘समज येण्याचे’ ठरवून ते बदलण्याची मुभा देशोदेशींच्या बिशपमंडळांना दिली. शिवाय प्रौढाला बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूनेच त्याला त्याच वेळी दृढीकरणही द्यावे असे सांगितले.

नागपूरचा धर्मप्रांत मधल्या काळात आकसत गेला होता. १९३२ मध्ये जबलपूर, १९५५ मध्ये अमरावती, १९६२ मध्ये चांदा आणि १९६४ मध्ये रायपूर असे भाग वेगळे झाले. १९५३ पासून नागपूर आर्चबिशपांचे आसन आहे. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला. नागपूरपासून रेल्वेने हे अंतर सुमारे १३० किलोमीटर भरते. आर्चबिशप सकाळी निघून समारंभ आटोपून संध्याकाळी परत जाऊ शकतात. ज्या अडचणीमुळे मुलाला थांबावे लागत होते ती उरली नाही. थांबणे उरले, आणि त्या थांबण्याचा उपयोग कसा करावयाचा हे धर्मशिक्षकाच्या हाती आले.

परिणामी एकाच जिल्ह्यात आज तीन क्रम शक्य आहेत. सालेकसा किंवा देवरीच्या बाजूचा एखादा प्रौढ बाप्तिस्मा घेतो तेव्हा त्याला दृढीकरण त्याच विधीत मिळते. त्याची तयारी आधी झालेली असते आणि ती दोन्हींची मिळून एकच असते. त्याच्याच तान्ह्या मुलाला लॅटिन धर्मग्रामात बाप्तिस्मा मिळाला तर ते दृढीकरणासाठी कुमारवयापर्यंत थांबते. केरळातून नोकरीनिमित्त आलेल्या सिरो-मलबार कुटुंबातील मूल अर्भकावस्थेतच अभ्यंग घेऊन आलेले असते. हा संस्कार पुन्हा देता येत नाही; त्याची मुद्रा अमिट मानलेली आहे. म्हणून शाळासोबत्यांबरोबर असे मूल तयारीच्या वर्गात येऊन बसले, सात दाने व बारा फळे इतरांइतकीच पाठ केली, तरी समारंभाच्या दिवशी आर्चबिशपांपुढील रांगेत त्याला उभे राहावयाचे नसते. त्याला वर्गात घ्यावयाचे की नाही, आणि घेतल्यास ही तयारी कशाची म्हणून सांगावयाचे, हे ठरविताना धर्मशिक्षकाला प्रश्नोत्तरीच्या पानांपेक्षा उदयंपेरूरच्या इतिहासाचा आधार अधिक घ्यावा लागतो.